माशांचीही गावे असतात

मासळी बाजारात जाऊन ‘हा मासा कोणत्या गावचा?’ असे विचारले, तर कोळीण ज्या बंदरावर माल उतरला त्याचे नाव सांगेल. पण ते होडीचे गाव झाले, माशाचे नव्हे. माशाचे गाव विचारले तर ती हसेल आणि म्हणेल, ‘समुद्राचा की हो!’

तिचे उत्तर बिनतोड वाटते. जमिनीवर प्राण्यांच्या वाटेत डोंगर येतात, नद्या येतात, वाळवंटे येतात. घाटाच्या अलीकडची खार पलीकडच्या खारीला जन्मात भेटत नाही. समुद्रात मात्र सगळे पाणी एकच. मासे दूरदूर पोहतात, एकेक मादी लाखांनी अंडी देते, आणि त्यांतून निघालेली सुईच्या टोकाएवढी पिले प्रवाहाबरोबर कोठच्या कोठे वाहत जातात. तेव्हा एका जातीचे सगळे मासे म्हणजे एकच मोठे कुटुंब, सगळीकडे सारखेच, असे आपण धरून चालतो. जीवशास्त्राची पुस्तकेही पुष्कळ वर्षे असेच धरून चालली. मला हे गृहीत चुकीचे वाटते. ही चूक परीक्षेत गुण कापून घेण्याएवढीच असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण या चुकीने मासे गेले आहेत आणि माणसांच्या चुलीही विझल्या आहेत.

गोष्ट हेरिंगपासून सुरू करू. हेरिंग हा उत्तर अटलांटिक महासागरातला चांदीसारखा चकाकणारा मासा. आपल्या तारलीचा लांबचा नातलग म्हणता येईल. युरोपातील कित्येक शहरे याच्या व्यापारावर उभी राहिली. १७४६ मध्ये हॅम्बर्गचे नगराध्यक्ष योहान आंडरसन यांचे एक पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. हेरिंगचे खरे घर उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाखाली आहे, तेथून दरवर्षी त्यांची एक प्रचंड सेना दक्षिणेकडे निघते, वाटेत तिच्या तुकड्या पडतात आणि त्या निरनिराळ्या देशांच्या किनाऱ्यांना लागतात, अशी कल्पना त्यांनी मांडली होती. कल्पना इतकी देखणी होती की तिने पुढे शंभर वर्षे तरी लोकांच्या मनावर राज्य केले. सेना एकच असेल, तर एखाद्या किनाऱ्यावर कितीही मासे मारले तरी पुढच्या वर्षी नवी तुकडी येणारच!

या कल्पनेला धक्का दिला तो फ्रीडरिश हाइंके या जर्मन शास्त्रज्ञाने. त्याचे साधन काय होते? मोजणी! निरनिराळ्या ठिकाणचे हजारो हेरिंग त्याने घेतले आणि प्रत्येकाचे मणके मोजले, पोटाखालचे खवले मोजले, डोक्याची लांबी मोजली, पर कोठे सुरू होतो ते मोजले. १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवून दिले की या सरासऱ्या ठिकाणागणिक वेगळ्या आहेत आणि वर्षानुवर्षे तशाच राहतात. म्हणजे सेना एक नाही. हेरिंगच्या स्थानिक टोळ्या आहेत, आणि प्रत्येक टोळीची अंडी घालण्याची जागा व वेळ ठरलेली आहे. शास्त्रज्ञ अशा टोळीला ‘समष्टी’ म्हणतात. आपण या लेखापुरते ‘गाव’ म्हणू.

पण हाइंकेच्या पुराव्यात एक कच्चा दुवा होता. माशाचे मणके किती होणार हे अंडे कोणत्या तापमानाच्या पाण्यात वाढले यावरही अवलंबून असते. एकाच आईची पिले थंड आणि कोमट पाण्यात वेगवेगळी वाढवली, तर त्यांच्या मणक्यांच्या सरासरीत फरक पडू शकतो. तेव्हा हाइंकेला दिसलेला फरक रक्तातला की नुसता पाण्यातला? हा प्रश्न तुम्हीही विचारायला हवा. कोकणातला आंबा घाटावर लावला आणि फळ बारीक आले, तर तो वाणाचा दोष की मातीचा, हे आपण विचारतोच ना!

खात्री करायची तर वारसाने आलेली गोष्टच तपासली पाहिजे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तशी सोय झाली. रक्तातील किंवा स्नायूंतील प्रथिने विजेच्या क्षेत्रात ठेवली की वेगवेगळ्या घडणीची प्रथिने वेगवेगळ्या वेगाने सरकतात, आणि त्यांवरून त्यामागची जनुके वेगळी आहेत हे ओळखता येते. स्वीडनमध्ये नील्स रीमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र हेरिंगवर वापरले. १९८४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष चकित करणारा होता. शरीराच्या ठेवणीत एवढे फरक, पण तपासलेल्या जनुकांत जवळजवळ काहीच फरक नाही! खारट उत्तर समुद्रातला हेरिंग आणि अगदी कमी खारट बाल्टिक समुद्रातला हेरिंग या कसोटीवर सारखेच निघाले.

मग हाइंके चुकला होता का? पुष्कळांना तसे वाटले. मला मात्र या ठिकाणी थांबून तुमच्याकडून एक खेळ करवून घ्यायचा आहे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

वर्गातल्या प्रत्येकाने एक नाणे दहा वेळा उडवावे आणि छाप किती वेळा आला ते लिहावे. बरोबर पाच आले असे थोडेच असतील. दर तीन मुलांमागे साधारण एकाला तरी सात किंवा त्याहून जास्त, नाहीतर तीन किंवा त्याहून कमी छाप मिळतील. आता सगळ्या वर्गाने मिळून हजार वेळा नाणे उडवा. छापांची संख्या पाचशेच्या आसपासच राहील. सातशे कधी येणार नाहीत. आता नाण्याच्या जागी जनुक ठेवा. एखाद्या जनुकाचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही सारखेच चालतात, कोणता मिळाला याने माशाचे काही बिघडत नाही. लहानशा तळ्यात शे-पन्नास मासे असतील, तर पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या योगायोगाने तेथे एक प्रकार वाढेल आणि दुसरा नाहीसा होईल. शेजारच्या तळ्यात कदाचित उलटे होईल. दोन तळी वेगळी आहेत हे जनुकांवरून लगेच ओळखू येईल. पण हेरिंगची संख्या आहे एक लाख कोटींच्या घरात! तेथे नाणे अब्जावधी वेळा उडते आहे. दोन गावे हजारो वर्षे एकमेकांपासून वेगळी राहिली तरी असल्या बिनमहत्त्वाच्या जनुकांचे प्रमाण दोन्हीकडे तेच राहील.

म्हणजे जनुके सारखी दिसली यावरून मासे एकमेकांत मिसळतात असे सिद्ध होत नाही. गावे फार मोठी आहेत एवढेच त्यावरून कळते. माझ्या मते हा मुद्दा शाळेतच शिकवला पाहिजे, कारण ‘फरक सापडला नाही’ आणि ‘फरक नाही’ या दोन वाक्यांतला भेद भल्याभल्यांच्या हातून निसटतो.

आता उलट बाजू पाहा. ज्या जनुकाने जगण्यामरण्यात फरक पडतो, त्याचे काय? तेथे नाण्याचा योगायोग चालत नाही, तेथे निवड चालते. आणि जेवढी संख्या मोठी, तेवढी निवड अचूक, कारण योगायोगाची गडबड कमी. मोठ्या समष्टीत थोडासा फायदाही वाया जात नाही. तेव्हा हेरिंगची गावे खरोखरच असतील, तर त्यांच्यातले फरक सगळ्या जनुकांत पसरलेले नसून मोजक्या, कामाच्या जनुकांत एकवटलेले असले पाहिजेत.

नेमके तेच सापडले. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात लेइफ आंडरसन (आडनाव जवळजवळ तेच, पण हॅम्बर्गच्या नगराध्यक्षांशी यांचा संबंध नाही) यांच्या गटाने २०१२ मध्ये हेरिंगच्या डी.एन.ए.मधील सुमारे ४ लाख ४० हजार जागा तपासल्या. बहुतेक जागी काही फरक नाही, म्हणजे रीमान बरोबर. पण काही हजार जागी फरक आहे, आणि तोही थोडाथोडका नव्हे. म्हणजे हाइंकेही बरोबर! मणके मोजणारा माणूस एका शतकानंतर निर्दोष सुटला.

या फरकांपैकी दोन सांगतो. बाल्टिक समुद्र वयाने लहान आहे. हिमयुगाचे बर्फ वितळल्यावर, गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत तो आजच्या रूपाला आला. महासागराच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तर बाल्टिकच्या उत्तर टोकाला जेमतेम दोन-तीन. शिवाय भोवतालच्या जंगलांतून आणि दलदलींतून आलेल्या कुजक्या पाल्यापाचोळ्यामुळे त्याचे पाणी तांबूस असते. त्यात निळा प्रकाश लवकर विझतो आणि तांबड्याकडचा खोलवर पोचतो. आपल्या डोळ्याच्या पडद्यात असते तसेच ऱ्होडॉप्सिन नावाचे प्रकाश टिपणारे प्रथिन माशाच्याही डोळ्यात असते. साडेतीनशेच्या आसपास अमिनो आम्लांची ती साखळी. महासागरातल्या हेरिंगमध्ये या साखळीतील २६१व्या जागी फिनिलॲलानिन असते, बाल्टिकच्या हेरिंगमध्ये तेथे टायरोसिन आले आहे. दोघांत फरक एका ऑक्सिजन अणूचा! पण तेवढ्याने डोळ्याची संवेदना तांबड्या प्रकाशाकडे थोडी सरकते आणि त्या गढूळ पाण्यात पिलाला भक्ष्य दिसते. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. गोड्या किंवा निमखाऱ्या पाण्यात राहायला गेलेल्या माशांच्या जातींपैकी सुमारे एकतृतीयांश जातींत त्याच जागी तोच बदल झालेला आहे, आणि तो स्वतंत्रपणे वीस-एक वेळा घडला आहे. एकाच कुलपाला इतक्या वेगवेगळ्या घरांनी तीच किल्ली करून घ्यावी, असे हे झाले.

दुसरा फरक वेळेचा. काही हेरिंग वसंतात अंडी घालतात, काही शरदात. एकाच पाण्यात राहूनही. या फरकामागे जी जनुके आहेत त्यांत दिवस किती मोठा झाला याची वर्दी शरीराला देण्याशी संबंध असलेले एक जनुक ठळकपणे दिसते. म्हणजे दोन गावांमधली भिंत येथे दगडाची नाही, पाण्याचीही नाही. ती पंचांगाची आहे.

एवढे वाचून ‘प्रत्येक समुद्री माशाची गावे असतातच’ असे कोणी वहीत लिहून घेऊ नये. युरोपातला ईल, म्हणजे आपल्या वामीसारखा लांबोडा मासा, याच्या नेमका उलट आहे. भूमध्य समुद्रापासून उत्तर युरोपापर्यंतच्या नद्यांत तो वाढतो, पण अंडी घालायला सगळे जातात ते अटलांटिकमधील सारगासो समुद्राकडे. तेथे कोण कोठून आला याला महत्त्व राहत नाही. उप्सालाच्याच गटाने २०२१ मध्ये त्याचे डी.एन.ए. तपासले, तेव्हा खरोखर एकच गाव निघाले. हेरिंग बदलत्या पाण्याशी जनुकांनी जुळवून घेतो, ईल तेच काम शरीराच्या लवचिकपणाने करतो. तेव्हा गावे आहेत की नाहीत हे जातीजातीला विचारूनच ठरवावे लागते.

पण आपली बेफिकिरी अशी की विचारण्याआधीच उत्तर धरून चालायचे. त्याची किंमत कॉडच्या उदाहरणात दिसते.

नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन नावाची बेटे आहेत. दर हिवाळ्यात बॅरंट्‌स समुद्रातून कॉडचे थवे शेकडो किलोमीटर पोहत तेथे अंडी घालायला येतात. त्यांना तेथले लोक ‘स्क्रेई’ म्हणतात. काठ्यांवर वाळवलेल्या स्क्रेईचा व्यापार हजार वर्षे चालत आला आहे. पण त्याच पाण्यात दुसरेही कॉड आहेत. ते बारा महिने किनाऱ्याच्या खाड्यांतच राहतात, कोठे जात नाहीत. दोन्ही एकाच जाळ्यात सापडतात आणि दिसतातही जवळजवळ सारखे. १९३३ मध्ये गुन्नार रोलेफसेन या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने दोघांना ओळखण्याची खूण शोधली. माशाच्या कानात चुनखडीचा एक खडा असतो. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षावर्षाची वलये पडतात. स्क्रेईच्या खड्यातील आतली वलये आणि किनाऱ्यावरच्या कॉडची आतली वलये आकाराने वेगळी दिसतात. पुढे १९६० नंतरच्या दशकात कॉडच्या हिमोग्लोबिनचे दोन प्रकार सापडले आणि त्यांचे प्रमाणही या दोघांत वेगळे निघाले.

अलीकडे खरे कारण सापडले आहे. कॉडच्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा, शेकडो जनुकांचा, एका प्रकारात उलटा बसलेला असतो. पुस्तकाची पन्नास पाने बांधणीत उलटी लागावीत तसा. सरळ आणि उलटा तुकडा यांच्यात जनुकांची अदलाबदल नीट होत नाही. त्यामुळे ही सगळी जनुके गठ्ठ्याने, न विस्कटता पुढच्या पिढीत जातात. दूरच्या प्रवासाला लागणारा संच एका गठ्ठ्यात, खाडीत राहण्याचा संच दुसऱ्यात. दोन गावांचे मासे शेजारी शेजारी अंडी घालतात, अधूनमधून मिसळतातही, आणि तरी दोन रीती टिकून राहतात. मला तर हा निसर्गातील सर्वांत हुशार उपायांपैकी एक वाटतो.

आता कल्पना करा की मासेमारीचा हिशेब ठेवणारा कारकून दोन्हींना ‘कॉड’ एवढ्याच नावाखाली लिहितो. स्क्रेई प्रचंड आहेत, खाडीतले थोडे. एकूण आकडा भक्कम दिसतो. त्या भक्कम आकड्यावर परवाने दिले जातात आणि खाडीतले गाव संपत आले तरी वहीत कोठेही तांबडी शाई दिसत नाही.

असे खरोखर घडते का? अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यावर एडवर्ड एम्स नावाचे एक मच्छीमार होते. ते शास्त्रही शिकलेले होते. त्यांनी एक साधा पण कोणी न केलेला उद्योग केला. जे म्हातारे मच्छीमार १९२०-३०च्या सुमारास समुद्रावर जात होते, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी विचारले की कॉडची पिकलेली मादी तुम्हाला कोठे आणि कोणत्या महिन्यात मिळत असे? त्या आठवणी त्यांनी नकाशावर मांडल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या, आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केल्या. किनाऱ्याजवळ अंडी घालण्याच्या ज्या जागा पूर्वी होत्या त्यांपैकी जवळजवळ निम्म्या ओसाड पडल्या होत्या! त्या जागांचे कॉड गेले ते गेले. मोकळ्या समुद्रात दुसरे कॉड होते, पण ते येऊन त्या ओसाड गावांत राहिले नाहीत. ‘एक तुकडी मारली तर दुसरी येईल’ हे हॅम्बर्गकरांचे म्हणणे येथे पुरते खोटे ठरले.

आणखी उत्तरेला, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर तर मोठाच अनर्थ झाला. १९६८ मध्ये तेथून सुमारे ८ लाख टन कॉड काढला गेला. १९८०नंतर किनाऱ्यालगत छोट्या होड्या चालवणारे लोक ‘मासा घटला’ म्हणून ओरडू लागले. मोठ्या जहाजांना मात्र दूरच्या समुद्रात मासा मिळत होता, कारण उरलेले मासे दाटीने एकत्र येत होते. कागदावरचा आकडा ठीक दिसत राहिला. २ जुलै १९९२ रोजी सरकारने मासेमारी बंद केली आणि सुमारे तीस हजार लोकांचे काम एका दिवसात गेले. ही बंदी उठायला २०२४ साल उजाडले, आणि तेव्हाही वर्षाला फक्त १८ हजार टनांची परवानगी मिळाली. या संकटाला बेसुमार मासेमारी हे मुख्य कारण होते, गावांचा विसर हे एकटे कारण नव्हे. पण किनाऱ्यावरच्या माणसाचे म्हणणे ऐकू न येण्यामागे ‘मासा सगळीकडे एकच’ ही समजूत होतीच, असे माझे मत आहे.

मासेमारी आणि जनुके यांचा संबंध येथे संपत नाही. आपण गावे बुडवतो तसे उरलेल्या गावांतली माणसेही बदलतो. क्षमा करा, मासेही बदलतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सिल्व्हरसाइड नावाचा बोटाएवढा मासा आहे. आयुष्य वर्षाचे. डेव्हिड कॉनोव्हर या शास्त्रज्ञाने त्याच्यावर अनेक वर्षे काम केले. कॅनडाकडचे सिल्व्हरसाइड आणि दक्षिणेकडचे सिल्व्हरसाइड प्रयोगशाळेत एकाच तापमानाला, एकच अन्न देऊन वाढवले, तर उत्तरेचे जास्त भरभर वाढतात. तिकडे उन्हाळा आखूड, हिवाळ्यापूर्वी अंग धरलेच पाहिजे. म्हणून वेगाने वाढणारेच तेथे टिकले. (पाणी की रक्त, हा मघाचा प्रश्न असा सोडवतात. दोघांना एकाच पाण्यात वाढवा आणि पाहा.)

मग कॉनोव्हर आणि स्टीफन मंच यांनी सहा टाक्या घेतल्या. प्रत्येक पिढीत नव्वद टक्के मासे ‘पकडायचे’. दोन टाक्यांतून मोठ्यांत मोठे काढले, दोन टाक्यांतून लहानांत लहान, आणि दोन टाक्यांतून सरसकट कोणतेही. उरलेल्या दहा टक्क्यांनी पुढची पिढी वाढवायची. चारच पिढ्या झाल्या, आणि जेथून लहान काढले जात होते तेथले पकडीचे वजन मोठे काढणाऱ्या टाक्यांच्या जवळजवळ दुप्पट झाले! २००२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मोठे मासे पकडून लहान सोडणे म्हणजे हळू वाढणाऱ्यांनाच बियाणे म्हणून ठेवणे. शेतकरी टपोरे कणीस बियाण्याला राखतो, आपण समुद्रात टपोरे विकतो आणि बारीक राखतो. निवड थांबवल्यावर मासे सावरू लागले, पण सावकाश. पाच पिढ्यांनीही पूर्ववत झाले नाहीत.

टाकीत घडले ते समुद्रात घडते का? येथे सावधपणे बोलले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जपून ठेवलेल्या कॉडच्या नमुन्यांतून डी.एन.ए. काढून तो आजच्या कॉडशी ताडून पाहिला, तेव्हा नॉर्वे आणि कॅनडा दोन्हीकडे अपेक्षेसारखा मोठा बदल दिसला नाही. हा निष्कर्ष २०२१चा आहे. उलट पूर्व बाल्टिकमधील कॉडच्या कानातील खड्यांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९६ ते २०१९ या काळातील दीडशेच्या वर खडे तपासून शास्त्रज्ञांनी दाखवले की तेथला कॉड आता पूर्वीच्या निम्म्याच लांबीपर्यंत वाढतो, आणि या बदलाच्या खुणा त्याच्या जनुकांतही दिसतात. एका गावात झाले, दुसऱ्यात दिसले नाही. मला यात विरोध वाटत नाही. गावे वेगळी असतात असे मानले की गावांचे नशीबही वेगळे असणारच.

आता आपल्या दाराशी येऊ. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडू नये, असा तो नियम आहे. मी या नियमाच्या बाजूचा आहे. मुठीत मावणारी पापलेटची पिले टोपलीभर विकली जाताना पाहिली की पोटात कालवते. अंडी घालण्याची एक तरी संधी माशाला मिळालीच पाहिजे.

पण नियम अर्धा आहे. किमान लांबी सांगितली, कमाल लांबीचे काय? मोठी मादी लहान मादीच्या अनेकपट अंडी देते, आणि भरभर वाढण्याचा गुणही बहुधा तिच्यातच असतो. मेन राज्यात शेवंडाच्या जातीच्या लॉब्स्टरला किमान आणि कमाल अशा दोन्ही मर्यादा आहेत. फार मोठा सापडला तर तोही परत पाण्यात सोडतात. हे लॉब्स्टरला जमते, कारण तो पिंजऱ्यातून जिवंत निघतो. जाळ्यातून वर आलेले पापलेट मेलेलेच असते, त्याला परत सोडून काय उपयोग, असे कोणी म्हणेल आणि ते खरे आहे. म्हणून माशांसाठी मला दुसरा मार्ग जास्त पटतो. अंडी घालण्याच्या जागा शोधाव्यात आणि त्या काळात त्या सोडून द्याव्यात. तेथे लहानमोठे सगळेच वाचतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना बंदी असते, पण सर्व जातींची आणि सर्व गावांची पंचांगे एकच असतील असे मानण्याचे कारण नाही.

शिवाय समुद्रावर आपण ज्या रेषा ओढतो त्या माणसांच्या आहेत. डहाणूच्या पुढे गेले की गुजरात लागतो, नियम बदलतात, मासा मात्र तोच राहतो. उलट एकाच राज्याच्या पाण्यात दोन वेगळी गावे असू शकतील. बोंबील पाहा. पश्चिमेला गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो उदंड, पूर्वेला बंगालकडे पुन्हा उदंड, आणि मधल्या लांबलचक किनाऱ्यावर विरळ. अशा माशाचा हिशेब ‘भारतातील बोंबील, इतके टन’ असा एका ओळीत लिहिणे मला तरी पटत नाही.

कोणी म्हणेल, हे चोचले श्रीमंत देशांना परवडतात. आमच्या कोळ्याला आज जाळे भरले की पुरे. मला उलट वाटते. मोठ्या जहाजवाल्याचे एक गाव बुडाले तर तो पन्नास मैल पुढे जातो. डोल लावणाऱ्याला तसे जाता येत नाही. त्याच्या खाडीतले गाव गेले की त्याचेही गाव गेले.

आणि एम्स यांनी केले ते करायला डी.एन.ए.ची यंत्रे लागत नाहीत. किनाऱ्यावरच्या शाळांतील शिक्षकांना माझी विनंती आहे की यंदा विज्ञान मंडळाचा उपक्रम म्हणून एक वही घालावी. मुलांनी आपल्या आजोबांना, शेजारच्या तांडेलांना आणि बाजारातल्या मावश्यांना विचारावे की गाबोळी भरलेला मासा कोणत्या महिन्यात येतो, तो कोठल्या पाण्यात मिळतो, किती वाव खोल, तळाला चिखल की खडक, आणि तुमच्या लहानपणी कोठे मिळायचा जेथे आता मिळत नाही. माशाचे स्थानिक नावच लिहावे, पुस्तकी नको. दोन माणसांनी वेगळे सांगितले तर दोन्ही लिहावे. सांगणाऱ्याचे वय लिहायला विसरू नये. पापलेट, बोंबील, सुरमई आणि तारली एवढ्या चार माशांपासून सुरुवात केली तरी चालेल. पावसाळ्याच्या बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि म्हाताऱ्या माणसांना बोलायला वेळ असतो.